तीन बोटांची परीक्षा

तंबाखू नाही, बिडी नाही, दारू नाही, असा मी साताऱ्यातला एक निर्व्यसनी माणूस. पानटपरीवरच्या लोकांकडे बघून मला त्यांची कीव यायची. जेवण झालं की फक्त सुपारीचं एक खांड, तेही आजोबांच्या अडकित्त्यानं कातरलेलं. याला काय व्यसन म्हणतात? पाचक म्हणतात.

दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"आ करा."

केला.

"अजून."

"एवढाच होतो."

"तीन बोटं एकावर एक उभी धरून आत घाला बघू."

दोन गेली. तिसऱ्याचं नखच तेवढं आत शिरलं. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा घट्ट होत जाते, तोंड उघडेनासं होतं आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो, असं ते शांतपणे म्हणाले. "अहो, पण तंबाखू नसते त्यात!" "नसू दे. सुपारी एकटी पुरते." जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच तसं छापलंय म्हणे. तेव्हा मी बहुधा सुपारी कातरत असेन.

घरी आल्यावर सगळ्यांची परीक्षा झाली. मुलगा चार बोटं घालून पास. आत्यानं मात्र मशेरीची डबी पदराआड सरकवली. "मी कुठं तंबाखू खाती? मी दात घासती." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की! आत्याचे चार दात उरलेत. ते ती दिवसातून पाच वेळा घासते.

बायकोनं अडकित्ता कपाटात कुलूपबंद केला, हातावर बडीशेप ठेवली आणि वजनही आटोक्यात हवं म्हणून आठवड्याला १५० मिनिटं चालायची शिक्षा फर्मावली. पहाटे अजिंक्यतारा चढायला लागलो. वर पोचलो तर धापा टाकणाऱ्या एका काकांनी चंची सोडून माझ्यापुढे धरली. "घ्या, चढ चढून आलाय." मी बडीशेप दाखवली. त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

परवा घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी गणपती म्हणून मांडायला सुपाऱ्या मागितल्या. बायकोनं मोजून दिल्या, पूजा आटोपल्यावर मोजून घेतल्या. एक कमी भरली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्यानं आ केला.

आत्या तेवढी खिडकीबाहेर बघत होती.