‘कोर्स घेऊ नको, काली लिनक्स टाक’ या कमेंटला माझं उत्तर

दादा, कमेंट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कॉलेजातला सायबर सिक्युरिटीचा पहिला कोर्स म्हणजे नुसत्या व्याख्या आणि वहीत सोडवलेला सीझर सायफर (अक्षरं ठराविक घरं पुढे सरकवून गुप्त मजकूर लिहायची जुनी पद्धत), आणि म्हणून तुम्ही धाकट्या भावाला सांगितलंत की हे इलेक्टिव्ह सोड, काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम) टाक आणि यूट्यूबवरून हॅकिंग शिक. मला हे अजिबात पटलेलं नाही.

पोरं ‘सीआयए ट्रायड स्पष्ट करा’ (म्हणजे माहितीची गुप्तता, इंटिग्रिटी म्हणजे ती न बदललेली असणं, आणि उपलब्धता) रट्टा मारून लिहितात हे मान्य, पण त्यात दोष रट्ट्याचा आहे, विषयाचा नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून साधारण 94 कोटी गेले ते आठवत असेल. एटीएममधून पैसे काढताना बँकेच्या सिस्टीमला विचारलं जातं की खात्यात पैसे आहेत का, चोरट्यांनी मध्येच खोटा स्विच (असे प्रश्न-उत्तरं पोचवणारी यंत्रणा) बसवला आणि तोच परस्पर ‘हो, द्या’ म्हणत राहिला, खऱ्या सिस्टीमपर्यंत प्रश्न पोचलाच नाही, आणि क्लोन केलेल्या, म्हणजे नकली प्रत काढलेल्या कार्डांवर 28 देशांतून पैसे निघाले. आलेलं उत्तर खरंच बँकेचं आहे का, वाटेत कुणी बदललं नाही ना, हे तपासायचं कसं, हाच तर त्या ट्रायडमधल्या इंटिग्रिटीचा धडा आहे!

आमच्या लॅबमध्ये वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारं टूल) लावून एचटीटीपीवरच्या, म्हणजे माहिती उघडी पाठवणाऱ्या साध्या पेजवर लॉगिन करायला लावलं होतं. लॉगिनची माहिती नेणारं पोस्टचं पॅकेट उघडलं तर खाली पासवर्ड जसाच्या तसा, कुणालाही वाचता येईल असा. मग तेच पेज एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारं, तिथे काहीच कळेना. टूल चालवायला दोन मिनिटं पुरतात हो, पण साईटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट कुणी दिलं, त्यावर ब्राउझर विश्वास का ठेवतो, आणि ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे फक्त वाट सुरक्षित आहे, पलीकडचा माणूस सज्जन आहे असं नाही, हे समजायला नेटवर्किंग आणि क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करायचं शास्त्र) बसून शिकावं लागतं. बँकेच्या नावाने काढलेल्या खोट्या साईटलाही एचटीटीपीएस असू शकतंच की.

आणि कायद्याचं काय? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं आयटी ॲक्टच्या कलम 43 मध्ये बसतं, त्यात अप्रामाणिक हेतू असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्हाला हे लॅबला हात लावायच्या आधी सांगितलं. यूट्यूबवर कितीतरी व्हिडिओ थेट ‘शेजारच्याचं वायफाय फोडा’पासूनच सुरू होतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते करून बघतं, मला खरी काळजी त्याची वाटते.

घरी प्रॅक्टिस हवीच, त्यात वाद नाही. ओव्हरदवायर या साईटचं बँडिट हे सरावाचं ऑनलाइन गेम फुकट आहे, लिनक्सच्या कमांड त्यात आपोआप हाताखालून जातात, ट्रायहॅकमी या शिकायच्या साईटवरही सुरुवातीच्या बऱ्याच रूम (सरावाचे धडे) फुकट आहेत. पण हे कोर्सच्या जोडीला, कोर्सऐवजी नको. भावाचं इलेक्टिव्ह अजून बदलता येत असेल तर त्याला घेऊ द्या, आणि लेक्चर एखादं बुडलं तर बुडू दे, लॅबची बॅच चुकवू नको म्हणा.