डेन्व्हर ब्रॉन्कोज 2022: दोन प्लेंच्या मधल्या वेळेत हरलेला हंगाम

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या 2022 च्या डेन्व्हर ब्रॉन्कोजवर वाद निघाला की दोनच नावं पुढे येतात. निम्मे लोक क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) रसेल विल्सनवर खापर फोडतात, निम्मे हेड कोच नेथॅनिएल हॅकेटवर. दोघांचाही दोष आहेच. पण माझं ठाम मत असं आहे की हा संघ एक प्ले (चाल) संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळेत हरला. त्या वेळेची घडी बसवणं हे नव्या हेड कोचचं पहिलं काम. ते मार्च ते ऑगस्टमध्ये करायचं असतं, डेन्व्हरला ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुचलं.

आधी आकडे बघा. 17 सामने, 5 विजय, 12 पराभव. पूर्ण हंगामात 287 गुण, म्हणजे सामन्याला 16.9, लीगमध्ये सगळ्यात कमी. आता दुसरी बाजू. 12 पैकी 9 पराभव आठ किंवा त्याहून कमी गुणांनी, म्हणजे एका टचडाउनच्या (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात, नेण्याच्या) टप्प्यात. आणि सहा पराभवांत समोरच्या संघाला 20 गुणसुद्धा करता आले नाहीत: सिएटल 17, कोल्ट्स 12, चार्जर्स 19, जेट्स 16, टायटन्स 17, रेव्हन्स 10. प्रशिक्षक इजिरो इव्हेरोच्या बचावफळीने सामने हातात आणून दिले होते. आक्रमणाने ते सोडले.

एनएफएलमध्ये एक प्ले संपला की 40 सेकंदांचं प्ले क्लॉक सुरू होतं. तेवढ्यात बरंच काही उरकायचं असतं. कोच डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर बघतो, मैदानात कोण राहणार ते ठरवतो (एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर, की दोन टाइट एंड), खेळाडू आत-बाहेर होतात. मग प्लेचं लांबलचक नाव रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये जातं. घड्याळात 15 सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. तो हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) तेच नाव पुन्हा म्हणतो, कधी एकाऐवजी दोन प्ले सांगतो आणि लाईनवर जाऊन त्यातला एक रद्द करतो. सेंटर (लाईनच्या मधला खेळाडू) संरक्षणाची दिशा ठरवतो, एखादा रिसीव्हर मोशनमध्ये जातो (जागा बदलतो), आणि मग स्नॅप, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो.

घड्याळात 18-20 सेकंद असताना हडल मोडला तर हे सगळं नीट होतं. 10 सेकंद असताना मोडला तर क्वार्टरबॅकला बचाव वाचायला वेळच मिळत नाही. मोशन रद्द होते, ब्लिट्झ (बचावाचा जादा हल्ला) कुठून येतोय ते सेंटरला दिसत नाही, आणि क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या समोरच्या पास रशरला स्नॅप कधी येणार ते कळतं, कारण त्यालाही घड्याळ दिसतंच की! विल्सनला त्या हंगामात 55 वेळा सॅक केलं गेलं (चेंडू हातात असतानाच पाडलं गेलं), लीगमध्ये सर्वाधिक. त्यातले सगळे लाईनच्या, म्हणजे त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्यांच्या, चुकीने नाहीत. तो चेंडू फार वेळ धरून ठेवतो ही त्याची जुनी सवय, आणि डावा टॅकल गॅरेट बोल्सचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला. पण उशिरा हडल मोडण्याचा त्यात मोठा वाटा होता.

पहिलाच सामना, 12 सप्टेंबर, सिएटलमध्ये, विल्सनच्या जुन्या संघासमोर. डेन्व्हरने तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक यार्डाच्या रेषेवर दोनदा चेंडू गमावला, 12 दंड ओढवून घेतले, तरीही शेवटी 17-16 अशा पिछाडीवर चेंडू त्यांच्याच हातात. चौथा डाउन, पाच यार्ड हवे, चेंडू सिएटलच्या 46 वर, साधारण एक मिनिट बाकी आणि तीन टाइमआउट शिल्लक. हॅकेटने घड्याळ चालू दिलं. 20 सेकंदांवर टाइमआउट घेतला आणि ब्रँडन मॅकमॅनसला फील्ड गोलच्या किकसाठी (तीन गुण) पाठवलं.

अंतराचा हिशोब सोपा आहे. 46 यार्ड, अधिक एंड झोनचे 10, अधिक होल्डर मागे बसतो ते 8, म्हणजे 64 यार्ड. तोपर्यंत एनएफएलच्या इतिहासात 64 किंवा त्याहून लांबचे फील्ड गोल दोनच झाले होते: मॅट प्रेटरचा 64 चा, तोही डेन्व्हरच्या विरळ हवेत, आणि जस्टिन टकरचा 66 चा. सिएटल समुद्रसपाटीला आहे. किक डावीकडे गेली. चौथ्या डाउनवर पाच यार्ड काढण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी खाली असते, आणि ते मिळाले असते तर तब्बल 50 सेकंद आणि दोन टाइमआउट हातात राहिले असते. आणखी 12-15 यार्ड काढून किक 45-50 वर आणता आली असती. चुकलेला निर्णय हॅकेटने दुसऱ्या दिवशी स्वतः मान्य केला. किक कुठून मारायची ती रेषा कोचिंग स्टाफने आधीच आखून ठेवली होती. मात्र त्या रेषेवर पोचल्यावर वेळ, टाइमआउट आणि डाउन जोखून ‘थांब, अजून एक प्ले खेळू’ असं कोचच्या कानात सांगणारा अनुभवी माणूस तिथे नव्हता.

पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर टेक्सन्सविरुद्ध संघ 16-9 ने जिंकला. पण तो सामना लोकांच्या लक्षात राहिला तो प्रेक्षकांमुळे. प्ले क्लॉक संपत आलं की अख्खं स्टेडियम मोठ्याने उलटे आकडे मोजत होतं. आपल्याच संघासाठी! आपलं आक्रमण मैदानात असताना घरचं स्टेडियम गप्प बसतं, म्हणजे क्वार्टरबॅकचा आवाज लाईनला ऐकू जातो. डेन्व्हरच्या लोकांना ही रीत चांगली ठाऊक आहे. तरीही त्यांनी ती मोडली, कारण प्ले वेळेत येत नाही हे वरच्या रांगेतूनही दिसत होतं.

हे झालं कसं? हॅकेट ग्रीन बेमध्ये 2019 ते 2021 ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) होता, पण तिथे प्ले बोलायचा, म्हणजे कोणता खेळायचा ते सांगायचा, हेड कोच मॅट लाफ्लर. त्याआधी जॅक्सनव्हिलमध्ये त्याने स्वतः प्ले बोलले होते, पण तेव्हा टाइमआउट, चॅलेंज (पंचांच्या निर्णयाला आव्हान), चौथा डाउन या गोष्टी दुसऱ्याच्या डोक्यावर होत्या. डेन्व्हरमध्ये दोन्ही कामं त्याने एकदम अंगावर घेतली. तेवढंही निभलं असतं, पण आक्रमणाचा जस्टिन आउटेन आणि बचावाचा इव्हेरो हे दोन्ही कोऑर्डिनेटर त्या पदावर पहिल्यांदाच बसलेले. हेड कोचही नवा, दोघेही नवे. जनरल मॅनेजर जॉर्ज पेटनने हे होऊ द्यायला नको होतं, आणि माझ्या लेखी त्याचा दोष हॅकेटपेक्षा कमी नाही.

त्यात भर म्हणजे सरावसामने. विल्सन प्रीसीझनमध्ये एकही स्नॅप खेळला नाही. दुखापती टाळायच्या म्हणून बरेच संघ मुख्य खेळाडूंना बसवतात, मान्य. पण जिथे कोच, क्वार्टरबॅक, खेळपद्धत सगळंच नवं, तिथे प्ले बोलण्यापासून स्नॅपपर्यंतची साखळी खऱ्या घड्याळावर, खऱ्या पंचांसमोर एकदा तरी चालवून बघायला हवी होती. दोन सामन्यांत 15-15 स्नॅप पुरले असते.

तिसऱ्या सामन्याआधी जेरी रोझबर्गला निवृत्तीतून बोलावून घड्याळ आणि टाइमआउटसाठी सल्लागार केलं. बॉल्टिमोरमध्ये जॉन हार्बॉच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला माणूस, या कामात मुरलेला. त्यानंतर टाइमआउटचा गोंधळ बऱ्यापैकी कमी झाला, पण गुण वाढले नाहीत. तोपर्यंत क्वार्टरबॅक आणि कोच यांचा एकमेकांवरचा विश्वास ढिला झाला होता. 6 ऑक्टोबरचा कोल्ट्सविरुद्धचा सामना आठवा. डेन्व्हर 9-6 ने पुढे, दोन मिनिटांच्या आसपास वेळ, तिसरा डाउन, चार यार्ड, चेंडू कोल्ट्सच्या 13 वर. इथून फील्ड गोल 31 यार्डांचा. तो मारला की 12-6, आणि पूर्ण सामन्यात एकही टचडाउन न केलेल्या कोल्ट्सला टचडाउन करावाच लागला असता. अशा वेळी धावायचं किंवा चेंडू बाहेर फेकायचा. विल्सनने एंड झोनमध्ये फेकला आणि कोल्ट्सच्या स्टेफन गिलमोरने पकडला. कोल्ट्सने बरोबरी साधली. मग ओव्हरटाइममध्ये 12-9 ने मागे असताना चौथा डाउन, एक यार्ड, पाच यार्डांच्या रेषेवर: पुन्हा पास, पुन्हा गिलमोर आडवा, आणि दुसरीकडे डेन्व्हरचा के. जे. हॅमलर मोकळा उभा.

नोव्हेंबरमध्ये प्ले बोलण्याचं काम सहायक प्रशिक्षक क्लिंट कुबियाककडे गेलं. नाताळच्या दिवशी रॅम्सकडून 51-14 असा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी हॅकेटची हकालपट्टी झाली. उरलेले दोन सामने रोझबर्गने सांभाळले: चीफ्सकडून 27-24 ने हार, चार्जर्सवर 31-28 ने मात.

किंमत किती, तेही लक्षात घ्या. विल्सनसाठी सिएटलला ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन, एक पाचव्या फेरीची आणि तीन खेळाडू दिले. तो डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी 24.5 कोटी डॉलरचा पाच वर्षांचा वाढीव करार केला. डेन्व्हरच्या पाचच विजयांच्या हंगामामुळे सिएटलला 2023 मध्ये पाचवी निवड मिळाली. तिच्यातून त्यांनी डेव्हन विदरस्पून घेतला.

आता जे म्हणतात की अनुभवी कोच असता तर हे झालंच नसतं, त्यांच्यासाठी 2023 बघा. शॉन पेटन आला, सुपर बोल जिंकलेला. आणि दुसऱ्या सामन्यात, कमांडर्सकडून 35-33 ने हरताना, तीच रड: प्ले आत जायला उशीर, बाहेर यायला उशीर. पेटनने सामन्यानंतर स्वतःचा दोष सांगितला, विल्सनचाही सांगितला, आणि गरज पडली तर मनगटपट्टी वापरू म्हणाला. पुढे ती विल्सनच्या हातावर दिसू लागली. पट्टीवर प्ले क्रमांकाने छापलेले असतात. कोच रेडिओवर फक्त आकडा सांगतो, क्वार्टरबॅक खाली बघून वाचतो. दहा-बारा शब्दांचं नाव ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि पुन्हा म्हणायचं, यात जाणारे पाच-सहा सेकंद वाचतात. काही क्वार्टरबॅकना ती कमीपणाची वाटते. हॅकेटने ती सिएटलच्या सामन्यानंतरच्या मंगळवारीच विल्सनच्या हाताला बांधायला हवी होती, त्याला आवडो न आवडो.