लाल दिवा लागला, बोला!

काल भाजी घेताना एका पालकबाईंनी थांबवून विचारलं, "सर, त्या पॉडकास्टात अप्पांच्या मध्ये मध्ये कोण बोलतंय ओ?"

मी बोलतोय. पॉडकास्ट माझा, मोबाईल माझा, डेटा पॅक माझ्या खिशातला, बहिणाबाईंवर रात्री बसून काढलेल्या नोट्स माझ्या, आणि मी मध्ये मध्ये बोलणारा! बाईंना काय सांगणार, कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.

झालं असं की शाळेला एक ट्रेनिंग झालं. आमची शाळा मराठी माध्यमाची, मास्तर मोजके, रिटायर झालेल्यांच्या जागा भरायचं कुणाच्या मनात येत नाही, त्यामुळं मराठी माझ्याकडं आणि कॉम्प्युटर पण माझ्याकडंच. हेडसर म्हणाले, ऑडिओ करा, साहित्य पण शिकवून होतंय आणि रेकॉर्डिंग-एडिटिंगनं टेक्नॉलॉजी पण. ट्रेनिंगवाल्यांनी पीपीटीत साउंडप्रूफ खोलीचा फोटो दाखवलेला. आमच्या शाळेत पाऊस लागला की पत्र्याच्या आवाजात शेजारच्या बाकावरचं ऐकू येत नाही, त्या फोटोकडं आम्ही सगळे परदेशातलं हिल स्टेशन बघितल्यासारखं बघत होतो. खरं तर आम्ही करतो त्याला पॉडकास्ट म्हणायचं पण कारण नाही. पॉडकास्टला फीड लागतं, नवा भाग आला की ऐकणाऱ्याच्या ॲपमध्ये आपोआप दिसायला पाहिजे, आयट्यून्सनं २००५ साली ही सोय दिली तेव्हापासून जगभर ते पसरलं. आमचं म्हणजे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली क्लिप, तीही तेराशे गुड मॉर्निंगांच्या खाली. हे मी मीटिंगमध्ये बोललो. सगळ्यांनी चहा घेतला.

राहायला मी वडगावात. वडगाव, खासबाग, शहापूर म्हटलं की बेळगावकराला सांगायला नको, माग. आमच्या भिंतीला भिंत लावून पॉवरलूम आहेत आणि ते सकाळपासून खडाखड चालू. आता तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन असतंय की. असतंय. आधी दोन-चार सेकंद नुसता गोंगाट दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडनं वजा करतं. पंख्याची घरघर एकसारखी असते म्हणून छान जाते. माग काय एकसारखा घरघरतोय थोडाच, तो ठोके घालतो. सॉफ्टवेअरनं अर्धे ठोके ठेवले, माझा अर्धा आवाज नेला, आणि उरलं त्यात बहिणाबाईंच्या ओळी कुणीतरी विहिरीतनं म्हणतंय असं वाटायला लागलं.

मग शोध लागला की करंट गेला की माग बंद! पंखा बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद, सगळी गल्ली चिडीचूप. मोबाईल काय बॅटरीवर चालतो. डोक्यावरनं गोधडी घेऊन बसायचं, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही, आणि बोलायचं. दर वेळी करंट गेला की लोक शिव्या घालायचे आणि मी गोधडी शोधायचो.

पण करंट गेला की टीव्ही बंद होतो, आणि टीव्ही बंद झाला की समोरचे अप्पा बाहेर येतात.

अप्पा मूळचे निपाणीकडचे, तंबाखूच्या व्यापारातले, आता मुलाकडं राहतात. गोधडीच्या आत मी सुरुवात केली, "विद्यार्थी मित्रहो..." आणि दारातनं आवाज आला, "मास्तर, ताप आलाय काय?"

म्हटलं, नाही अप्पा, रेकॉर्डिंग.

"रेकॉर्डिंग!" अप्पा आत येऊन खुर्ची ओढून बसले. "मी सांगली आकाशवाणीवर बोललोय, ठाऊक हाय न्हवं? तंबाखूवरची कीड."

ठाऊक आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना पण ठाऊक आहे.

"तिथं लाल दिवा असतोय. लाल दिवा लागला की शिंकायचं सुदीक न्हाई. तुमचा लाल दिवा कुठं हाय?"

म्हटलं, मोबाईलला नसतो ओ.

"मग माणसाला कळायचं कसं, चालू हाय का बंद? म्हणूनच तर तुम्ही असं चाचरत बोलूलालासा." ते उठून गेले. मला वाटलं सुटलो. परत आले ते बॅटरी घेऊन, काचेवर सुनेचा लाल ब्लाऊजपीस रबरानं बांधलेला. समोर बसले, गोधडीचं एक टोक वर केलं, आणि पेटवून खणखणीत आवाजात म्हणाले, "हां, लाल दिवा लागला! बोला!"

हे सगळं रेकॉर्ड झालंय. मी बोलायला लागलो की बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, खानदेशातल्या, अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर काम करताना गाणी सुचत गेली, मुलानं म्हणजे सोपानदेवांनी आणि मावसभावानं ती लिहून घेतली, १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक आलं... एवढ्यात गल्लीत पोरं ओरडली. अप्पांनी खिडकीतनं कन्नडात डोस दिला, "ए, सुम्नीर्री! लाल दिवा लागलाय!" आणि माझ्याकडं वळून, "हां, पुस्तक आलं. पुढं?"

पुढं काय डोंबल.

"जात्यावर म्हटलासा न्हवं? आमची आई म्हणायची. ऐका." आणि अप्पांनी लावला सूर, "पैली माझी ओवी गऽऽ..." तो 'ग' वडगावच्या वेशीपुढं जाऊन परत आला. मग थांबले. "थांबा, आठवूलालंय." बॅटरी विझवली. पेटवली. "पैली माझी ओवी गऽऽ... थांबा." असं चाललं ते करंट येईपर्यंत. करंट आला, माग खडाखड सुरू झाले, अप्पा म्हणाले, "बगा, आत्ता जिभेवर आल्ती."

ऐकवलं त्यांना. तर म्हणाले हा माझा आवाज न्हवं, बदललासा तुम्ही. मी समजावलं, अप्पा, आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतनं पण ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये नुसता हवेतनं आलेला असतो. "सांगलीला असला पातळ न्हवता." म्हटलं, सांगलीला तुम्ही स्वतः ऐकला होता? "मी कसा ऐकीन? मी आत बोलूलालो होतो की. गावानं ऐकला."

परत करायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी पाठवायचंच होतं. एडिटिंग करून अप्पांना काढायला गेलो तर माझी सगळी वाक्यं मधेच तुटायला लागली, कारण ते माझ्या श्वासाश्वासात बसलेले. शेवटी एमपी३ केली, मिनिटाला साधारण एक एमबी (न दाबलेली साधी वेव्ह फाईल ठेवली असती तर मिनिटाला दहा, आणि पालकांचे फोन कायम मेमरी फुल), आणि दिली पाठवून.

पोरं खूश. वर्गात मी डस्टर आपटला की शेवटच्या बाकावरनं, "लाल दिवा लागला, बोला!" पोरींनी घरी जाऊन आज्यांना दुसरी ओळ विचारली, प्रत्येकीच्या आजीची वेगळी, वही भरून आणली. चांगलंच झालं, मी कुठं नाही म्हणतोय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी बायांबरोबर खेडोपाडी बसून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आज 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या साईटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला पण मिळतात. हे सगळं त्याच क्लिपमध्ये मी सांगितलंय, दहाव्या मिनिटाला. तिथवर कुणी गेलंच नाही, कारण अप्पा नवव्याला संपतात. चाचणीत प्रश्न घातला, बहिणाबाईंची गाणी कुणी लिहून घेतली? एका कार्ट्यानं लिहिलंय, सांगली आकाशवाणीने.

त्याला मी अर्धा मार्क पण दिला नाही. आणि ते राग काढणं वगैरे नाही, उत्तर चूक आहे म्हणून.

हेडसरांनी आज बोलावून घेतलं. मला वाटलं, निदान मोबाईलच्या रिचार्जचं काहीतरी बोलतील. तर म्हणाले, दहावीसाठी पण एक करूया, अप्पांना वेळ आहे का बघा, नसला तर मग तुम्ही करा.

अप्पांना वेळ आहे. फक्त करंट कधी जाणार ते आदल्या दिवशी कळवा म्हणतात, दाढी करायची असते.