माझं गाव मी ठरवणार

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. दापोलीजवळच्या आमच्या आंजर्ल्याला यंदा पाऊस फार होता, तरी सगळं नीट पार पडलं म्हणाला. मग त्याने विचारलं, न्यू जर्सीतलं तुझं एडिसनचं घर विकायचं कुठवर आलं? मी सांगितलं की वर्षअखेरपर्यंत विकलं जाईल, पुढे समुद्राकाठीच राहायचं हे नक्की आहे, फक्त राज्य ठरत नाही. फ्लोरिडा, साउथ कॅरोलायना आणि डेलावेअर ही तीन उरली आहेत. कुठे कर किती, विमा किती, लेकीचं घर किती तासांवर, हे मी त्याला सांगत होते. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाय, म्हातारपणाचं गाव कर बघून ठरवतात का? गाव ठरवायचं नसतं. ते असतं."

त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून टर्नपाइक हायवेवर गाडी चालवताना, भांडी लावताना, रात्री दोनला जाग आली की मी त्याला उत्तरं देते आहे.

पहिलं उत्तर हिशेबाचंच. न्यू जर्सीत घरावरचा कर सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे, देशात सगळ्यात जास्त. शाळा उत्तम होत्या म्हणून तो आम्ही तीस वर्षं कुरकुर न करता भरला. आता घरात शाळेत जाणारं कोणी नाही, यजमान जाऊन चार वर्षं झाली आणि मी सदुसष्ट वर्षांची आहे. सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारचं निवृत्तिवेतन, थोडं नोकरीचं पेन्शन आणि साठवलेलं एवढ्यावर पुढची पंचवीस वर्षं काढायची, तीही एकटीने. अशा बाईने कर बघू नये तर काय बघावं?

फ्लोरिडाचं नाव सगळेच आधी घेतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. आपण राहतो त्या घराची करासाठी धरलेली किंमत वर्षाला तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, तसा तिथे नियमच आहे. माझी एक मैत्रीण याच गणितावर फोर्ट मायर्सला गेली. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ आलं तेव्हा समुद्र तिच्या स्वयंपाकघरात शिरला. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या १९६८ पासूनच्या योजनेत तो मिळतो, पण इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा पहिला वाटा, तर टक्क्यांत असतं. चार लाखांचा विमा आणि पाच टक्के डिडक्टिबल असेल, तर पहिले वीस हजार आपल्या खिशातले. मग कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट घ्यावा म्हटलं, तर मायामीजवळच्या सर्फसाइडची इमारत डोळ्यांसमोर येते. २४ जून २०२१ च्या पहाटे ती इमारत कोसळली आणि ९८ माणसं गेली. पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला. तीन मजले आणि त्यावरच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची झाली, मोठ्या दुरुस्तीचा निधी बाजूला ठेवणंही सक्तीचं झालं. कायदा योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं न साठवलेले पैसे आता एकदम मागितले जातात, आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या हातात पन्नास-साठ हजारांची स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, पडते. जो आयकर वाचला तो असा दुसऱ्या दाराने जातो.

साउथ कॅरोलायना स्वस्त आहे. स्वतः राहत्या घराची किंमत तिथे करासाठी चार टक्के धरतात, दुसरं घर असेल तर सहा, आणि पासष्टीनंतर राहत्या घराच्या किमतीतल्या पहिल्या पन्नास हजार डॉलरवर कर नाही. मर्टल बीचला मी आठवडाभर राहून आले. हवा छान, माणसं प्रेमळ. पण लेक फिलाडेल्फियाजवळ राहते, तिथून नऊ-दहा तासांची ड्राइव्ह. मुलगा पोर्टलंडला आहे, त्याने ओरेगॉनचा किनारा सुचवला होता. विक्रीकर नाही, आणि १९६७ च्या कायद्याने तिथल्या वाळूवर सगळ्यांना मोकळेपणी फिरता येतं, न्यू जर्सीसारखं बीच टॅगचं तिकीट वगैरे काही नाही. पण २६ जानेवारी १७०० ला त्या किनाऱ्यावर जो भूकंप झाला, त्याची लाट जपानपर्यंत पोचली होती, आणि तसा भूकंप पुन्हा कधीतरी होणारच हे तिथले फलक जागोजागी सांगतात. लाट आली की कुठल्या टेकडीकडे पळायचं त्याचे बाण रंगवलेले आहेत. माझे गुडघे पाहता मी ते बाण वाचून परत फिरले.

राहिलं डेलावेअर. विक्रीकर नाही, सोशल सिक्युरिटीवर कर नाही, साठीनंतर पेन्शनचे साडेबारा हजार डॉलर करातून वगळतात. घरपट्टीही कमी; ससेक्स काउंटीने घरांच्या किमती १९७४ नंतर थेट २०२५ मध्ये नव्याने आकारल्या. तिथे ल्यूस नावाचं गाव आहे, रुग्णालय गावातच, न्यू जर्सीतल्या केप मेला जाणारी फेरीबोट गावातूनच सुटते, लेक दोन-सव्वादोन तासांवर. वाईटही सांगते. सरासरी उंची बघितली तर हे देशातलं सगळ्यात सखल राज्य, साधारण साठ फूट. मार्च १९६२ च्या वादळाने शेजारच्या रिहोबथचा बोर्डवॉक उखडून टाकला होता. म्हणून मी पुराचे नकाशे घेऊन बसते आणि समुद्रापासून तीन मैल आत घर शोधते.

यातला कुठला प्रश्न दादाला क्षुल्लक वाटतो ते मला कळत नाही. आंजर्ल्यात हे प्रश्न नाहीत का? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, आजोबांनी लावलेले माड आडवे झाले, माजघराची कौलं उडाली. विमा कशालाच नव्हता. सुपारीचं झाड उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं. तेव्हा दादा फोनवर रडला होता, आणि मी त्याला गावं असतात आणि जातात असं काही ऐकवलं नव्हतं.

बाबांना झटका आला ते १९९८ साल. घरातून दापोली, दापोलीतून पुढे, पुढून अजून पुढे; योग्य जागी पोचायला साडेचार तास लागले आणि तोवर संपलं होतं. मी एडिसनला होते, दादा डोंबिवलीला. हो, दादाही डोंबिवलीलाच होता. बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली त्याने, आणि २००४ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन परत गेला. तो गेला ते ठरवूनच गेला. डोंबिवलीची जागा विकून किती येतील आणि व्याजावर दोघांचं भागेल का, हा हिशेब त्याने मलाच फोनवर वाचून दाखवला होता. त्याचं ते परतणं आणि माझा हा व्यवहार, असा फरक कसा काय होतो?

कोकणातून बाहेर पडलेल्यांवर बोट ठेवणं आता फार सोपं झालं आहे. बंद घरं परदेशात गेलेल्यांची, गवत वाढलेली अंगणं परदेशात गेलेल्यांची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. ती माणसं सगळी अमेरिकेत आली नाहीत. ती गिरगाव-लालबागला गेली, मग डोंबिवली-विरारला, पुण्याला, जिथे नोकरी होती तिथे. मनीऑर्डरींवर जगलेलं कोकण आहे ते, आणि मनीऑर्डर पाठवणाऱ्याला तेव्हा कुणी गाव सोडलं म्हणून बोल लावला नव्हता.

पण मला राग आला तो याचाही नाही. तीन आठवडे भांडी लावताना ते हळूहळू कळलं.

"गाव असतं" हे वाक्य दादा म्हणू शकतो. मी कशी म्हणणार? माझ्या लहानपणी आजी मला अंगणात सडा घालायला शिकवायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, नीट शीक, लोकांच्या घरी जायचंय. हे घर माझं नाही हे मला अक्षरओळखीच्या आधी माहीत झालं होतं. १९८४ मध्ये लग्न झालं आणि पुणं माझं झालं, कारण ते यजमानांचं होतं. १९८७ मध्ये एडिसन माझं झालं, कारण त्यांना नोकरी तिथे लागली. चांगला संसार झाला, तक्रार नाही, त्यांच्यावर माझा जीव होता. पण राहायचं कुठे हे मला कोणी कधी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही सुचलं नाही. आता आयुष्यात पहिल्यांदा मी नकाशा समोर घेऊन बसले आहे आणि बोट ठेवीन तिथे जाऊ शकते. कर, विमा, पुराचा नकाशा हे सगळं मी शिकले, वह्या भरल्या. आणि नेमकं तेव्हा भाऊ सांगतो की गाव ठरवायचं नसतं.

मी लेकीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मग तुझ्या यादीत फ्लोरिडा वर्षभर का होतं? मैत्रिणीचं घर बुडालेलं तू स्वतः पाहिलंस."

याचं उत्तर माझ्या वहीत नाही. इथला अटलांटिकचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य पाण्यातून वर येतो, आणि लोक ते बघायला पहाटे खुर्च्या घेऊन जातात. संध्याकाळी मात्र तो पाठीमागे, पार्किंगच्या आणि घरांच्या मागे कुठेतरी जातो, आणि समोरचा समुद्र नुसता करडा होत जातो. रिहोबथला पहिल्यांदा संध्याकाळी बसले तेव्हा मला वाटलं, आपण समुद्राकडे चुकीच्या बाजूने आलो आहोत. आंजर्ल्याला दिवेलागणीच्या आधी आई पदराला हात पुसत पडवीत यायची आणि सूर्य पाण्यात पुरता जाईपर्यंत उभी राहायची. फ्लोरिडात आखाताच्या बाजूला सूर्य समुद्रात मावळतो. तेवढ्यासाठी ते राज्य माझ्या यादीत वर्षभर होतं. वाऱ्याचा विमा, पुराचा विमा, असेसमेंट, सगळं समोर असताना.

आणि आईचं नाव आलंच आहे तर तेही सांगते. तिची शेवटची चार वर्षं वहिनीने केली. अंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं, सगळं. मी पैसे पाठवले, वर्षातून तीन आठवडे गेले. त्या कामाला इथे ताशी दर आहे आणि मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, तो देत नाही. माझ्या हिशेबात त्याचं स्वतंत्र पान आहे, म्हणून वहिनीने काय केलं ते मला आता आकड्यांत कळतं. दादा मला काहीही बोलू शकतो. वहिनी कधीच काही बोलली नाही.

माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये दोन वर्षांपासून एक पाकीट आहे. वाडीच्या सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव लागलेलं आहे. भाच्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत, कर्जासाठी कागद एका नावावर हवेत, म्हणून दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. नोटरी आणि अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून मुखत्यारपत्र पाठवायचं, एवढंच काम. एका दुपारचं. मी त्याला सांगत आले की वेळ नाही.

माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर भारतात घर घेता येतं. शेतजमीन, बागायत, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते. म्हणजे ही सही केली की ती वाडी मला पुन्हा कधीही मिळणार नाही, कितीही डॉलर दिले तरी. गेली दोन वर्षं मी राज्यांची तुलना करते आहे, आणि त्या दोन्ही वर्षांत एका राज्यातल्या एका गावाचा कागद मी उघडलेला नाही. लेकीला लोकांच्या घरी जायचं असतं हे ज्या घराने मला शिकवलं, त्याच्यावरचं नाव काढायला माझा हात होत नाही. दादाचं वाक्य मला एवढं लागलं त्याला हेही कारण असावं. माझ्या बाबतीतही ते खरं असावं असं मला वाटत होतं, आणि ते खरं आहे असं मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी ल्यूसला जाते आहे. दोन खोल्यांचं घर आहे, एकमजली, पूरनकाशाच्या बाहेर, एचओए, म्हणजे वसाहतीची वर्गणी, परवडणारी. पसंत पडलं तर तिथेच ऑफर देणार. लेकीने फेरीची वेळ काढून ठेवली आहे. केप मेच्या टोकाला एक किनारा आहे, तो पश्चिमेला उपसागरावर उघडतो आणि तिथे सूर्य पाण्यात मावळतो. ल्यूसहून फेरीने दीड तास.

आणि रविवारी दादाला फोन करणार आहे. वाडीचं हक्कसोडपत्र करून देते, भाच्याने खोल्या काढाव्यात. फक्त गावठाणातल्या घराच्या घरपट्टीवर माझं नाव राहू दे, आणि पडवीलगतची पश्चिमेकडची खोली. पाहुण्यांना दिली तरी चालेल. मी येईन तेव्हा मोकळी करून द्या, एवढं विचारायचं आहे.