सल्ला देण्याआधी 'कुठला डायबेटिस?' एवढं विचारा

माझ्या माहेरी एकाच घरात दोन डायबेटिस आहेत. अण्णांना टाइप २, पन्नाशीनंतर निघालेला. भावाच्या मुलीला टाइप १, ती पहिलीत असताना कळलेला. फ्रिज एक, स्वयंपाक एक, येणारे-जाणारे पाहुणेही तेच आणि त्यांचा सल्ला दोघांनाही एकच: गोड बंद करा, रोज चाला, कारल्याचा रस घ्या, हळूहळू औषधं सुटतील. अण्णांच्या बाबतीत यातलं निम्मं तरी बरोबर आहे. भाचीच्या बाबतीत यातलं शेवटचं वाक्य जीवघेणं आहे. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, वाचा.

टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. हे गोड खाऊन होत नाही. आईने गरोदरपणात आंबे खाल्ले म्हणून होत नाही. माझ्या वहिनीला "लहानपणी चॉकलेटं फार दिलीत का?" असं तोंडावर विचारणारी माणसं भेटलीत. त्या बाईने रात्री-अपरात्री उठून लेकीचं बोट टोचलंय, तिला हे ऐकवायचं?

इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला गोडसर वास. यात एक-दोन दिवसांतच मुलाची तब्येत हाताबाहेर जाऊ शकते. इन्सुलिन हाती येण्यापूर्वी डॉक्टर अशा मुलांना जेमतेम खायला देऊन थोडे दिवस जगवायचे, त्यापलीकडे उपाय नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि ते चित्र पालटलं. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे कुणीतरी मायेने काढ्याची बाटली घेऊन येतं आणि म्हणतं, "तीन महिन्यांत इंजेक्शन बंद होईल." आमच्याकडेही आलं. वहिनीने बाटली ठेवून घेतली आणि शांतपणे सांगितलं, "मामी, तुमची माया कळते मला. पण तिच्या शरीरात जे बनतच नाही, तेच मी बाहेरून देते. ते थांबवलं तर पोर राहणार नाही." यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

आणि एक, लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. मूल सारखं पाणी मागतंय, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत सुरू झालीय, जेवूनही वजन उतरतंय, तर "उन्हाळा आहे", "वाढीचं वय आहे" म्हणू नका. त्याच दिवशी शुगर तपासा. भाचीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बोट टोचून पाहिलं, म्हणून ती वेळेत सापडली.

आता अण्णा. अण्णा अंगाने किडकिडीत, म्हणून त्यांना शुगर असेल असं गावात कुणाला पटेचना. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडत जातं. त्याला जाड असावंच लागतं असं नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, हा आपला भारतीय बांधा. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" म्हणून तपासणी टाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अहवालात देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे आहे. त्यातले बहुतेक टाइप २ वाले, म्हणूनच सगळे सल्ले त्यांच्याच मापाचे असतात आणि टाइप १ ची पोरं त्यात भरडली जातात.

बाकीचे प्रकार थोडक्यात. गरोदरपणातला डायबेटिस बाळंतपणानंतर बहुधा जातो, पण त्या बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी तपासणी करायची आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहायची. बाळाच्या गडबडीत ती हमखास राहते, घरच्यांनी आठवण ठेवा. काही घरांत एकाच जनुकातल्या बदलामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात येणारा प्रकार असतो. कुपोषणाशी जोडलेल्या प्रकाराला तर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने टाइप ५ म्हणून मान्यता दिली. तरुण, बारीक माणसाला शुगर निघाली तर "नेमका कुठला?" हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते) आणि अँटिबॉडी (रोगप्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटलीय का ते) या तपासण्या त्यासाठीच असतात.

रोजचं सांभाळणं हे खरं काम, आणि ते औषधाच्या चिठ्ठीत दिसत नाही. सिरिंजचंच बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलीलीटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली भरली तर १० च्या खुणेवर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. मेडिकलवाल्याने घाईत जे हातात दिलं ते दुकानाच्या पायरीवरच वाचून घ्यायचं, घरी येऊन नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला खेटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

अण्णांचं दुखणं वेगळं, त्यांची एकादशी. सकाळची गोळी घेतली, दुपारपर्यंत पोटात काही नाही. घाम सुटला, हात थरथरायला लागले, कधी नव्हे ते नातीवर खेकसले. शुगर ५८. शुगर कमी झाली हे ओळखलं भाचीने, कारण तिला स्वतःला ते रोजचं. ७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, अजून कमी असेल तर परत साखर, आणि सावरलं की काहीतरी खाणं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी शुगर खाली नेतात. उपास करायचाच असेल तर गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि उपास सोडून वर साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, शुगर उलट्या टोकाला. पोळी सोडून ज्वारीच्या चार भाकऱ्या, साखर सोडून गुळाचा चहा, यानेही काही साधत नाही. गुळाने शुगर वाढतेच. ताटात भाकरी दीड, उसळ, भाजी, कोशिंबीर भरपूर, जेवणानंतर अंगणात फेऱ्या, रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघणं, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासणं, एवढं अण्णांनी लावून घेतलंय.

भाची मात्र वाढदिवसाला केक खाते. किती कर्बोदकं पोटात जाणार त्याचा अंदाज घेऊन तेवढं इन्सुलिन घेते आणि खाते. तिच्या हातातली प्लेट काढून घेऊ नका. एकदा इन्सुलिन टोचून झाल्यावर तिला खाऊ न देणं हेच धोक्याचं असतं.

मला सगळ्यात जास्त टोचते ती लपवाछपवी. "मुलगी आहे, बाहेर बोलू नका, लग्नाच्या वेळी अडेल." मग पोरी शाळेच्या बाथरूममध्ये चोरून इन्सुलिन घेतात, मैत्रिणींना सांगत नाहीत, शुगर खाली गेली तर शेजारच्या बाकावरच्या मुलीला काय झालंय ते कळत नाही. सासरी लपवून डोस चुकवणाऱ्या बायकाही असतात. टाइप १ असलेल्या बायका नीट नियोजन करून बाळंत होतात, नोकऱ्या करतात, डोंगर चढतात. लपवण्यासारखं यात काहीही नाही, आणि हे आपण मोठ्यांनीच आधी मोठ्याने बोललं पाहिजे.

शाळांना एवढंच सांगणं आहे: वर्गात मध्येच खाऊ द्या, तपासू द्या, इन्सुलिन घ्यायला स्वच्छ जागा द्या, आणि शुगर कमी झालेल्या मुलाला ऑफिसात एकटं पाठवू नका. सीबीएसईने २०१७ मध्येच मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेला खाऊ सोबत न्यायची परवानगी दिली, मग चौथीच्या घटक चाचणीला अडवण्याचं काय कारण?

वहिनीने वर्गशिक्षिकेसाठी मराठीत एक पान लिहून दिलं होतं: लक्षणं, साखर किती द्यायची, कुणाला फोन करायचा. बाईंनी ते वर्गाच्या कपाटावर आतून चिकटवलंय. कुणाला हवं असेल तर इनबॉक्स करा, फोटो पाठवते, आपापल्या डॉक्टरांकडून आकडे तपासून घ्या आणि वापरा.