डेलियाचे कंद का गेले: मिरजेच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. डेलियाचे कंद साठवण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही मार्चमध्ये 14 कुंड्या मोकळ्या केल्या, कंद स्वच्छ धुतले, एकेक सुटा केला आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून माळ्यावर ठेवले. ऑगस्टच्या शेवटी पिशव्या उघडल्या तेव्हा निम्मे सुरकुतून गेले होते, काहींवर बुरशी होती. जे टणक राहिले ते तुम्ही लावले, पण दोन महिने झाले तरी एकालाही कोंब नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, "साठ रुपयांत फुलावर आलेलं रोप मिळत असताना हा खटाटोप लोकांना कशाला शिकवता?"

आधी चूक कबूल करते. "थंड, कोरड्या जागी ठेवा" असं मी लिहिलं होतं. मिरजेत काय, पुण्यात काय, वैशाखात थंड जागा कुठून आणायची, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. बर्फाळ देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांमधून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलेलं होतं आणि मी ते तसंच उतरवलं. तुमचे कंद गेले त्यात माझ्या लेखाचा मोठा हात आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता मुळाशी जाऊ. डेलिया मेक्सिकोच्या उंच पठारावरचा. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, हवा थंडावलेली असते, तेव्हा तो वाढतो नि फुलतो. हिवाळा तिथे कोरडा, त्या कोरड्या महिन्यांत जमिनीत झोपून राहायला त्याने कंद कमावला. 1789 मध्ये त्याचं बी माद्रिदच्या राजउद्यानात पोचलं आणि युरोपात त्याच्यावर नवीच आपत्ती आली, हिमाची. म्हणून तिकडे "पानं हिमाने काळी पडली की कंद काढा" हा नियम झाला. आपल्याकडे दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठची. मिरजेत पानं काळी पडायची वाट बघत बसलं तर पाऊस येईल, पण हिम येणार नाही.

आपल्याकडे सगळं उलटं आहे. आपण डेलिया थंडीत फुलवतो आणि झोपवतो तो नेमका 40 अंशांच्या उन्हात, आणि मग चार महिन्यांच्या ओलीत. ज्या झाडाला थंड, कोरडी झोप हवी, त्याच्या वाट्याला आधी भट्टी येते, मग चिखल. आपल्याला कंद वाचवायचा आहे तो एप्रिल ते ऑगस्टपासून. हे एवढं लेखात पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

तुमचे कंद सुरकुतले कारण स्लॅबखालचा माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापलेली जागा, आणि डेलियाच्या कंदाची साल बटाट्यासारखी जाड नसते. ती फार पातळ असते, आतलं पाणी भराभर उडतं. धुताना ती आणखी सोलवटते. सुटा केलेला कंद अख्ख्या गड्ड्यापेक्षा, म्हणजे एका खोडाला लागलेल्या कंदांच्या झुबक्यापेक्षा, लवकर वाळतो, आणि ओलसर राहिलेला कंद पिशवीत गुदमरून बुरशी धरतो. धुणं, सुटं करणं आणि प्लॅस्टिक, तिन्ही एकाच वेळी घडलं.

पण मला जास्त सांगायचंय ते त्या टणक राहिलेल्या, तरीही न फुटलेल्या कंदांबद्दल.

बटाटा म्हणजे खोड, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे मूळ. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची मान खोडाला चिकटते तिथे. त्या बुडाचा तुकडा कंदाबरोबर आला नाही, किंवा मान मुडपली, तर तो कंद वर्षभर टणक राहील आणि कधीच उगवणार नाही. मार्चमध्ये हे डोळे दिसतसुद्धा नाहीत. म्हणून मी आता गड्डा तेव्हा फोडतच नाही. ऑगस्टमध्ये गुलाबी टोकं वर आली की धारदार सुरीने, प्रत्येक तुकड्याला एक टोक येईल असं बघून कापते.

दुसरी एक शक्यता आहे. रोपवाटिकेतली बरीच रोपं छाटेपासून, म्हणजे कोवळ्या कोंबाचा तुकडा कापून मातीत लावून, केलेली असतात. छाट पेराच्या, म्हणजे खोडावर पानं फुटतात त्या सांध्याच्या, खाली न कापता दोन पेरांच्या मधून कापली, आणि एकही पेर मातीखाली गेलं नाही, तर रोप वाढतं, फुलतं, कंदही धरतं, पण त्या गड्ड्याला डोळाच नसतो. असा आंधळा गड्डा तुम्ही कितीही जपलात तरी पुढच्या वर्षी काही देणार नाही. तुमच्या 14 पैकी काही असे असतील तर त्यात ना तुमची चूक, ना माळ्यावरच्या साठवणीची. आता नोव्हेंबरात नवी रोपं आणाल तेव्हा खालची दोन पानं काढून एक पेर मातीखाली जाईल इतकं खोल लावा.

मग कंद जपायचे कसे? मी आता काय करते ते सांगते. फेब्रुवारीअखेर फुलं सरली की खत बंद, पाणी हळूहळू कमी. पानं पिवळी पडू देते, तीन-चार आठवडे, म्हणजे कंद पक्का होतो. मग खोड वीतभर ठेवून कापते. डेलियाचं खोड पोकळ असतं, वरून पाणी पडलं की ते नळीतून थेट गड्ड्याच्या काळजात उतरतं आणि तिथून कूज सुरू होते. म्हणून कापल्यावर कुंडी सरळ आडवी करते. कंद उपटत नाही, धूत नाही. आडवी कुंडी जिन्याखाली, जिथे फरशी दुपारीही पायाला गार लागते, तिथे जाते. आतली माती हीच त्याची गोधडी. तीन आठवड्यांतून एकदा कडेने वाटीभर पाणी देते, तेही मेअखेरपर्यंत. पाऊस सुरू झाला की तेसुद्धा नाही. जमिनीत लावला असेल तर मात्र गड्डा मातीसकट उचलावा लागतो, दोन दिवस सावलीत उलटा ठेवून खोडातलं पाणी निथळू द्यायचं आणि मातीच्या मडक्यात कोरड्या वाळूत किंवा जेमतेम ओल असलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवायचा. मडक्याला झाकण नको, फडकं पुरे. महिन्यातून एकदा हात घालून बघायचं. मऊ लागलेला कंद तिथेच कापून टाकायचा, नाहीतर शेजारचे जातात.

इतकं करूनही माझे सगळे गड्डे वाचत नाहीत. म्हणून माझा खरा भरवसा कंदावर नाही, छाटांवर आहे. हंगामात फुलं मिळावीत म्हणून मी कंद जपत नाही, ऑगस्टमध्ये त्याच्यापासून छाटा मिळाव्यात म्हणून जपते. जुलै संपताना गड्डा पसरट कुंडीत, खोडाचं बूड मातीच्या वर राहील असा ठेवायचा, पावसाच्या आडोशाला, उजेडात. कोंब चार बोटं झाले, पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की पेराच्या लगेच खाली कापायचे. कोंब आतून भरीव हवा. पोकळ झालेला कोंब मुळं धरायच्या आधी कुजतो. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, एक पेर आत. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. एक गड्डा जगला तर पाच-सहा रोपं सहज होतात, म्हणजे 14 पैकी 3 वाचले तरी तुमचा वाफा भरतो. पानांच्या शिरांलगत फिके पिवळे पट्टे असलेल्या झाडाची छाट मात्र घेऊ नका. तो मोझॅक विषाणू असतो, मावा तो पसरवतो आणि छाटेतून तो सगळीकडे जातो.

वेळ चुकवू नका. सप्टेंबर संपता संपता आपल्याकडे दिवस 12 तासांखाली येतो आणि लहान दिवसांत डेलियाचा जोर कंद धरण्याकडे वळतो. त्याच्या आत रोप अंगाने भरलेलं हवं. ऑक्टोबरअखेर केलेली छाट वीतभर वाढते, एखादं खुरटं फूल देते आणि थांबते. मी दोन वर्षं याचा दोष खताला दिला होता.

आणि साठ रुपयांच्या रोपाबद्दल. ज्यांना थंडीत अंगण रंगीत हवं एवढंच आहे, त्यांनी खुशाल दरवर्षी आणावं, त्यात काही कमीपणा नाही. पण रोपवाटिकेत यंदा मिळालेला रंग पुढच्या वर्षी मिळेलच असं नसतं, आणि बी धरून उपयोग नाही. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, बियांतून येणारं प्रत्येक पोर वेगळं निघतं. हवं तेच फूल पुन्हा हवं असेल तर कंद आणि छाट हेच दोन रस्ते आहेत. वाईच्या माझ्या आत्याकडे एक गर्द मरून डेलिया होता, पिकलेल्या जांभळासारखा, पाकळ्यांची टोकं आत वळलेली. 2016 च्या पावसाळ्यात माझी कुंडी गच्चीत राहिली आणि गड्डा अख्खा कुजला. आत्याकडे एक उरला होता म्हणून त्या फुलझाडाचा वंश टिकला. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात मी दरवर्षी त्या रंगाचा शोध घेते, अजून तसा दिसलेला नाही. माझा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

मूळ लेखातलं "थंड, कोरडी जागा" हे वाक्य मी आज काढलंय आणि त्या जागी आडव्या कुंडीची पद्धत घातली आहे. न फुटलेले कंद अजून कुंडीत असतील तर एकदा उकरून मान बघा. बुडाचा तुकडा चिकटलेला असेल तर मार्चपर्यंत राहू द्या, नसेल तर मातीत मिसळून टाका. आत्याच्या मरूनच्या दोन छाटा येत्या ऑगस्टमध्ये तुमच्या नावाने लावते. मुळं धरली की इथेच कळवीन, मिरजेकडे येणारं कोणी ना कोणी मिळतंच.