म्हणे मोठा फ्यूज टाका!

गाडीच्या आतला दिवा बंद पडला तर काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात तो असा: दिवा लागत नाही म्हणजे फ्यूज उडाला. नवा टाका, तोही उडाला तर जास्त अँपिअरचा टाका. तरी अंधारच असेल तर बॅटरी उतरली आहे. बल्बच्या जागी एलईडी बसवा, कटकट कायमची मिटेल. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, गाडी ‘रीसेट’ होते. आणि एवढं करूनही दिवा लागला नाही तर कंट्रोल युनिट (दिव्यांसारख्या गोष्टी चालवणारा गाडीतला छोटा संगणक) गेलं, बदलून घ्या.

यातला एक सल्ला सरळसरळ घातक आहे, बाकीचे अर्धवट. पण मुळातली खोट वेगळीच आहे. दिवा नेमका कधी लागत नाही, हे मेसेज विचारतच नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची, एवढंच.

बहुतेक गाड्यांत छतातल्या दिव्याला तीन जागांचा स्विच असतो: ऑन, डोअर आणि ऑफ. आधी तो ‘ऑन’वर करून बघा. दिवा लागला, पण दार उघडल्यावर लागत नाही, असं असेल तर बल्बही ठीक आणि फ्यूजही ठीक. म्हणजे मेसेजमधले पहिले तीन उपाय इथेच बाद. छत पुसताना हात लागून किंवा मागे बसलेल्या पोराच्या उद्योगामुळे स्विच ‘ऑफ’वर सरकलेला असणं हे तर अगदी नेहमीचं. काही गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं चाक टोकापर्यंत फिरवलं की आतले दिवेही बंद होतात. तेही एकदा फिरवून बघा.

आता फ्यूज. ‘ऑन’वरही एकही दिवा लागत नसेल तर फ्यूजवर संशय घेणं योग्यच. याच फ्यूजवर पुष्कळदा रेडिओची मेमरी आणि घड्याळही असतं, त्यामुळे घड्याळही शून्यावर आलं असेल तर संशय पक्का. फ्यूज उपटायचीही गरज नाही. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके दिसतात. टेस्ट लॅम्पची (एका वायरला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेल्या तपासणीच्या छोट्या दिव्याची) क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे लॅम्प पेटला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला पेटला तर उडालेला.

पण ‘पुन्हा उडाला तर मोठा टाका’ हे वाचून अंगावर काटा येतो. हिशेब बघा. आतला साधा बल्ब 12 व्होल्ट, 5 वॅटचा, म्हणजे जेमतेम 0.4 अँपिअर. असे तीन-चार बल्ब एकदम पेटले तरी दोन अँपिअरच्या आत. त्यांच्या भाराने 10 अँपिअरचा लाल फ्यूज उडूच शकत नाही. तो उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला टेकून शॉर्ट होतेय किंवा त्याच लाइनवरचं दुसरं काही बिघडलंय. तिथे 20 चा पिवळा फ्यूज खुपसला की तो उडायचा थांबेलही, पण वायर तीच, बारीक. प्रवाह दुप्पट झाला की वायरमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. फ्यूज असतो वायर वाचवायला. तो वितळला नाही तर वायर वितळणार, आणि तीही छताच्या कापडामागे किंवा गालिच्याखाली, जिथे धूर येईपर्यंत काही दिसत नाही. उडालेल्या फ्यूजला फॉइल गुंडाळून काम भागवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शॉर्ट शोधायचा तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर, सनव्हायझरमधल्या आरशाचा दिवा आणि नंतर जोडलेली एखादी अ‍ॅक्सेसरी इथून सुरुवात करा. आणि एक गंमत: पुष्कळदा फ्यूज आपणच उडवतो. दिव्याची काच लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटताना टोक बल्ब धरणाऱ्या दोन्ही पत्र्याच्या पट्ट्यांना टेकलं की खेळ खलास. म्हणून आधी दिवा ऑफ करा, शक्यतो फ्यूजही काढा, आणि काच प्लास्टिकच्या पातळ पट्टीने काढा. बल्ब नुकताच पेटलेला असेल तर थोडा वेळ थांबा, चांगला चटका बसतो.

बॅटरीचं लवकर आटपू. गाडी सुरू होतेय ना? सेल मारताना स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो. तेवढे देणारी बॅटरी 0.4 अँपिअर देऊ शकत नाही, हे कसं पटवून घ्यायचं? हां, नव्या गाड्यांत दार बराच वेळ उघडं राहिलं की बॅटरी वाचवायला दिवे आपोआप विझतात. इग्निशन ऑन केलं की ते परत लागतात. तो बिघाड नव्हे.

एलईडीला माझा विरोध नाही. वीज कमी खातो, तापतही कमी. पण दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब ज्या पत्र्याच्या पट्ट्यांत बसतो, त्या सैल झाल्या असतील किंवा त्यांवर गंज चढला असेल, तर एलईडीही तिथे अंधारातच बसणार. पट्ट्या घासून किंचित आत वाकवल्या तर जुना बल्बही पेटतो. शिवाय बऱ्याच एलईडींना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतं. उलटा बसला तर लागत नाही, आणि माणूस नवा कोरा बल्ब फेकून देतो. फिरवून बसवा. लांबीही मोजून घ्या, 31, 36, 39, 41 मिलिमीटर अशा मापांत ते येतात.

आता मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही तो खरा संशयित: दाराचा स्विच. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीत रबरी टोपीचं एक बटण दिसतं. त्याला ‘अर्थ’, म्हणजे बॉडीशी विजेची जोडणी, मिळते ती त्याच्याच स्क्रूमधून, आणि तो स्क्रू गंजला की दिवा गेला. काढा, घासा, परत लावा. नव्या गाड्यांत स्विच दाराच्या लॅचमध्येच (दार अडकवून धरणाऱ्या कुलपात) लपलेला असतो. तिथे दार उघडं ठेवून लॅचचा आकडा स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. मग हँडल ओढून आकडा सोडवायचा आणि डॅशबोर्डवरची ‘दार उघडं’ची खूण बदलते का ते पाहायचं. (आकडा मोकळा केल्याशिवाय दार आपटू नका.) एकाच दाराला खूण येत नसेल तर त्या दाराचा स्विच तरी गेलाय, नाहीतर दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीत वायर तुटलीय. हजारो वेळा वाकून ती आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. वायरिंगमध्ये शिरलातच तर पिवळे कनेक्टर सोडून द्या, ते सहसा एअरबॅगचे असतात.

बॅटरीची वायर काढून कधीकधी दिवा लागतो, हे खरं आहे. गोंधळलेलं युनिट ताळ्यावर येतं. पण तुटलेली वायर त्याने सांधली जात नाही, आणि काचांची एका स्पर्शात वर जायची सोय, काही गाड्यांत रेडिओचा कोड, हे सगळं मागाहून निस्तरावं लागतं. काढायचीच तर निगेटिव्ह आधी.

राहिलं कंट्रोल युनिट. ते बदलायला सांगणाऱ्याला दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. स्कॅनर (गाडीच्या युनिटशी बोलणारं तपासणी यंत्र) लावून प्रत्येक दार उघडल्यावर युनिटला ते ‘उघडं’ दिसतंय का, आणि स्कॅनरवरूनच हुकूम दिला तर दिवा पेटतो का. दार उघडं असून ‘बंद’ दिसत असेल तर आधी स्विच आणि त्याची वायर बघायची. हुकूम दिल्यावर दिवा पेटला तर युनिटपासून बल्बपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. हुकूम देऊनही पेटला नाही तर आधी बल्ब, वायर आणि युनिटच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून आलेला गंज तपासायचा. नव्या युनिटची चौकशी त्यानंतर.